आईच्या खोलीतली रेंज

आईच्या लोखंडी कपाटाच्या आरशावर, डाव्या कडेला, टिकल्यांची एक उभी रांग होती. रात्री झोपताना कपाळावरची टिकली काढायची आणि आरशाला चिकटवायची ही तिची जुनी सवय. वरच्या टिकल्यांचा रंग उडून त्या विटकरी झाल्या होत्या, खालच्या अजून चांगल्या मरून होत्या. सगळ्यांत वरची टिकली माझ्या भुवयांच्या रेषेत येत होती, सगळ्यांत खालची हनुवटीच्या. एकेकाळी आईची आणि माझी उंची सारखी होती. आई किती वाकत गेली, ते त्या आरशावर मोजता येत होतं.

मी आरशासमोर फोन धरून उभी होते. पडद्यावर आकडा होता: उणे एक्क्याऐंशी. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. एक्क्याऐंशी म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

"काय म्हणतोय?" आईनं पलंगावरून विचारलं. तिच्या पुढ्यात कोथिंबिरीची जुडी होती.

"नाही म्हणतोय."

"का?"

"तुझं कपाट मधे येतंय. लोखंडातून लहरी पलीकडं जात नाहीत. तुझा पलंग बरोबर कपाटाच्या सावलीत आहे."

"सावलीत आहे ते बरंच आहे की. मे महिना चालूय."

ही सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडला, विद्यानगरच्या बाजूला, अण्णांनी बांधलेलं आमचं दुमजली घर. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. माझं नाव उल्का ठेवलं ते त्यांनीच. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि आई त्या घरात एकटी राहत होती. अण्णा गेल्यावर तिनं टिकली सोडली नाही. शेजारच्या कुणी हटकलं, तर म्हणायची, "ती लग्नाआधीपासून माझी आहे."

दादा आणि मी दोघंही पुण्यात. दादा एका कारखान्यात व्यवस्थापक. मी एका प्रयोगशाळेत अँटेनांच्या चाचण्या करायचे. एका खोलीला आतून सगळीकडून फोमचे सुळके लावलेले असतात, आत आवाजही घुमत नाही आणि लहरीही परतत नाहीत. त्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. घरात माझ्या कामाला "तिचं ते तारांचं" म्हणत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निबंधकाच्या कचेरीत जाऊन मला हक्कसोडपत्रावर सही करायची होती. अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे घर आई, दादा आणि मी, अशा तिघांचं झालं होतं. आईनं आणि मी आपापला हक्क सोडायचा आणि घर दादाच्या एकट्याच्या नावावर करायचं, असं ठरत होतं. आमच्याकडं बहिणी हे करतातच. भाऊ साडी आणतो, बहीण सही करते आणि माहेरचं दार उघडं राहतं. सही न करणाऱ्या बहिणीचं काय होतं हे सांगायला प्रत्येक घरात एखादी आत्या असते.

दोन वर्षं मी नुसतं "बघू" म्हणत आले होते. माझा नवरा म्हणाला होता, "तुझं माहेर, तुझी सही. मी मधे बोलणार नाही." दादा मात्र दर भेटीत विषय काढायचा. "उल्के, आई आहे तोवर घर आहे तसंच राहणार. ही नुसती कागदाची सोय आहे." सोय हा त्याचा आवडता शब्द. लहानपणी माझी सायकल तो घेऊन जायचा, तेव्हाही त्यात सगळ्यांची सोयच असायची.

आणि मग एप्रिलमध्ये त्याचा फोन आला.

"शास्त्रज्ञबाई, एक काम आहे. आईच्या घरात वायफाय बसवायचंय. चांगलं, भरवशाचं. दुकानदार काहीही गळ्यात मारतात. तुझ्याइतकं कळणारं आपल्यात कोण आहे?"

हे वाक्य त्यानं माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. त्याच फोनवर मी त्याला सहीची तारीख घ्यायला सांगितलं.

मी ते काम मनापासून केलं. डब्यावर छापलेला वेग रिकाम्या मैदानातला असतो, विटांच्या घरातला नाही. यंत्रावर अँटेनाच्या चार-सहा काड्या उभ्या असल्या म्हणजे रेंज जास्त, हेही खरं नाही. मी ओळखीच्यांकडून तीन कंपन्यांची यंत्रं मागून आणली आणि मेच्या दुपारी पुण्यातल्या आमच्या गच्चीखालच्या माळ्यावर चालू ठेवली. एक तापल्यावर सारखं तुटायला लागलं. दुसरं वीज जाऊन आली की बटण दाबल्याशिवाय उठत नव्हतं. कराडला वीज जाते, आणि बटण शोधायला आईनं स्टुलावर चढायचं नव्हतं. तिसरं आपलं आपण उठत होतं. त्याचा निळा दिवा तेवढा डोळ्यांत खुपणारा होता. एक मुख्य यंत्र खाली, त्याला तारेनं जोडलेली दोन लहान यंत्रं वर आणि मागे, असा आराखडा मी केला. लहान यंत्रं तारेविनाही चालतात, पण तार घातली की भरवसा वाढतो.

दादाच्या अटी अशा होत्या: प्रत्येक खोलीत रेंज पाहिजे, आणि एका वेळी चाळीस फोन जोडले तरी अडकता कामा नये.

"चाळीस?" मी विचारलं होतं.

"दिवाळीला सगळे जमतात गं. एकेकाकडं दोन-दोन फोन. उद्या घड्याळंसुद्धा जोडतील."

प्रयोगशाळेत ग्राहक आकडा देतो आणि आम्ही त्या आकड्याला उतरणारी वस्तू शोधतो. मी चाळीसला उतरणारी वस्तू शोधली.

रविवारी दुपारी दादा गाडीतून उतरला तो हाश्शहुश्श करतच. हातात खोकी, बगलेत तारेचं भेंडोळं, आणि वर साडीची चपटी पेटी.

"ही तुला. तुझ्या सरितावहिनीची पसंती. उद्या सही करताना नेसायची, असा हुकूम आहे."

"एवढी खोकी? मी तीन यंत्रं सांगितली होती."

"सहा आणली. कमी पडायला नकोत."

"आईला एकटीला सहा?"

"तू बसव गं. पैसे मी दिलेत ना?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "रणजित, आधी पाणी पी. मग भांडा."

आम्ही कामाला लागलो. दादा स्टुलावर चढून तार खिळवत होता, मी खालून सांगत होते. खरं सांगायचं तर मजा येत होती. मधेच तो "उल्के, तुझी पदवी जरा वर दे" म्हणून हातोडी मागायचा. पहिलं यंत्र लागलं आणि त्याचा निळा दिवा पेटला. आईनं तो बाहेर येऊन पाहिला.

"हा रात्रभर असाच बघत बसणार?"

"बंद करता येत नाही तो," मी म्हटलं.

आई आत गेली आणि आरशावरची एक टिकली काढून घेऊन आली. दिव्यावर लावली. दिवा गेला. यंत्र चालूच राहिलं.

"हे तुझ्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत?" दादा म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

मग आईच्या खोलीत तो उणे एक्क्याऐंशीचा आकडा आला. मी दारातून सांगितलं, "दादा, कपाटामुळं पलंगापाशी काहीच येत नाही. एक यंत्र कपाटाच्या अलीकडं, पलंगावरच्या भिंतीला लागेल."

त्याच्या तोंडात खिळे होते. ते न काढता तो म्हणाला, "कपाट धरू नकोस. ते नसणारच आहे तिथं."

"नसणार म्हणजे?"

त्यानं खिळे काढले. "म्हणजे हलवू की कधीतरी. तू यंत्र छताच्या मधोमध धर आणि चारी कोपऱ्यांत सारखी रेंज येते का बघ."

"चारी कोपऱ्यांत कशाला? पलंग एकाच कोपऱ्यात आहे."

"बघ तर."

मी चारी कोपऱ्यांत जाऊन मोजलं. सवयीनं मोजलं. तो तार खिळवत पुढे विचारत राहिला.

"रात्री अकराला आपोआप बंद होईल असं करता येतं ना?"

"येतं. पण आई नऊला झोपते."

"आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड? महिना संपला की आपोआप बंद पडणारा?"

"तेही येतं."

"वा. सोय असलेली बरी."

मी चौथ्या कोपऱ्यात उभी होते. तिथं अण्णांची खुर्ची होती. महिन्यानं बंद पडणारा पासवर्ड पाहुण्याला कुणी देत नाही. तो महिन्याचं भाडं भरणाऱ्याला देतात. चार कोपरे म्हणजे चार पलंग. चाळीस फोन दिवाळीचे नव्हते.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

आई कैऱ्या किसत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दादा घराचं काही बोललाय का?"

"वर कॉलेजची मुलं ठेवायची म्हणतोय. मी म्हटलं ठेव. सोबत होईल मला. एखादं पोर गॅस बदलून तरी देईल." तिनं कैरीची कोय बाजूला ठेवली. "तू रागावू नकोस, अण्णांना आवडलं नसतं म्हणून. मोकळं घर खायला उठतं गं."

"आणि खाली?"

"खाली मी आहे की."

ऊन उतरल्यावर दादा पाण्याच्या नव्या टाक्यांची जागा बघायला गच्चीवर गेला. मी मागोमाग गेले. गच्चीवर, टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत, एक तांब्याची तार ताणलेली होती. मी शाळेत असताना अण्णांनी आणि मी आमच्या पहिल्या रेडिओसाठी ती बांधली होती. रेडिओ केव्हाच गेला, आई त्या तारेवर कपडे वाळत घालायला लागली. पातळांवर हिरवट डाग पडायचे, तरी तिनं ती काढली नव्हती.

"दादा, आईच्या खोलीत चार पलंग टाकणार आहेस?"

तो वळला. आधी हसला, मग हसू तिथंच राहिलं. "आईनं सांगितलं?"

"आईला माहीत आहे?"

"वरचं माहीत आहे."

"खालचं?"

"हे बघ उल्के, नुसत्या वरच्या मजल्यात काही निघत नाही. एवढी कॉलेजं झाली आहेत, पोरं खोल्यांसाठी दारोदार फिरतात. सगळं घर दिलं तरच जमतं. आणि घर एका नावावर असलं तरच बँक कर्जाचं बघते."

"आई कुठं राहणार?"

"आईची सोय केलीय मी."

तोच पुढे बोलत गेला.

"साताऱ्याच्या अलीकडं आहे. लगेच वृद्धाश्रम म्हणून तोंड वाकडं करू नकोस. डॉक्टर असतात, बाग आहे, लिफ्ट आहे. स्वतंत्र खोली सांगितलीय, खिडकीची. आणि रेंज एकदम फर्स्टक्लास, मी स्वतः फोन लावून बघितला."

"तू म्हणाला होतास, आई आहे तोवर घर आहे तसंच राहील."

"आई असणारच आहे. घरही असणारच आहे. एका जागी असतील असं कधी म्हणालो?"

हे त्यानं चेष्टेत म्हटलं की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही.

"तुमच्याकडं का नाही?"

"कुठं? मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाखाली? तू नेशील?" तो थांबला. "नेशीलही. पण येईल का ती? लेकीकडं चार दिवस पाहुणी म्हणून येते, पाचव्या दिवशी पिशवी भरते. तुलाही माहीत आहे, मलाही."

ते खरं होतं. त्यानं सगळ्या बाजूंनी मोजून घेतलं होतं.

"आईला कधी सांगणार?"

"तेच तर." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तारेवरचा एक चिमटा काढून तो उघडमिट करत राहिला. "तू सांग. मी सांगितलं तर ती कपाटाला धरून बसेल. तुझं ऐकते ती. उद्या सही झाली की निवांत बस तिच्याजवळ आणि समजावून सांग. तुला शांतपणानं बोलता येतं. म्हणून तर तुला बोलावलं."

"वायफायसाठी बोलावलंस."

"तेही झालं, हेही होईल. दोन्ही कामं तुझ्यासारखी कुणाला जमणार?"

तुझ्याइतकं कळणारं आपल्यात कोण आहे. तेच वाक्य होतं, कपडे बदलून आलेलं.

मी गप्प राहिले. आमच्या घरात माझं गप्प राहणं होकार म्हणूनच धरलं जायचं. दादानं माझ्या खांद्यावर थोपटलं, चिमटा तारेला लावला आणि जिना उतरून गेला.

थोड्या वेळानं मीही खाली आले. तो गाडी धुवायला अंगणात गेला होता. मी एक यंत्र घेतलं, तार आणली आणि आईच्या पलंगावरच्या भिंतीला, कपाटाच्या अलीकडं, ते स्वतः बसवलं. कपाट जागेवर धरून. उशीपाशी फोन ठेवला. उणे बावन्न.

"आता काय म्हणतोय?" आईनं विचारलं.

"हो म्हणतोय."

तिनं दिव्यावर टिकली लावली.

सोमवारी सकाळी आई लवकर तयार होऊन बसली. तिचीही सही व्हायची होती. इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. दादा गाडीची किल्ली बोटात फिरवत दारात उभा होता. तेवढ्यात सरितावहिनींचा व्हिडिओ फोन आला. दादानंच लावायला सांगितला होता, नवं यंत्र कसं चालतं ते बघायला.

आईनं पलंगावर बसून फोन समोर धरला. "अगं बाई, समोर बसल्यासारखी दिसतेस. चमकीचा खडासुद्धा दिसतोय."

"आई, आता रोज बोलायचं हं. वन्सं कुठंयत? साडी नेसल्या का?"

मी फोन हातात घेतला. साडीची पेटी अजून टेबलावर बंदच होती.

"साडी छान आहे, वहिनी. एक विचारायचं होतं. साताऱ्याच्या खोलीत आईचं कपाट मावेल का?"

वहिनींचा चेहरा हलला नाही. ओठ अर्धवट उघडे, भुवया वर. क्षणभर मला वाटलं, चित्र अडकलं. मग त्यांच्या मागचा पंखा दिसला. तो फिरत होता.

"कसली साताऱ्याची खोली?" आईनं विचारलं.

"उल्के," दादा म्हणाला, "आत्ता नको. मी काय सांगितलं होतं?"

"रणजित, कसली खोली?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. कालच्यासारखंच. तू सांग.

मी फोन उशीवर ठेवला आणि आईला सांगितलं. वरच्या मुलांसारखीच खालीही मुलं येणार आहेत. या खोलीत चार पलंग येणार आहेत. साताऱ्याच्या अलीकडं तुझ्यासाठी एक खिडकीची खोली सांगून ठेवली आहे. तिथं डॉक्टर आहेत आणि बाग आहे. मी काही गाळलं नाही आणि काही वाढवलंही नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. पिशवीचे बंद तिनं एकदा सोडले, पुन्हा बांधले. मग भिंतीवरच्या यंत्राकडं पाहिलं आणि नंतर माझ्याकडं.

"म्हणजे हे सगळं तू त्यांच्यासाठी बसवलंस?"

"मला माहीत नव्हतं, आई."

"खरं?"

तिनं मला असं याआधी कधीच विचारलं नव्हतं. लहानपणीसुद्धा नाही.

"खरं," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचा विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही. ती उठली, कपाटाला हात टेकून आरशासमोर गेली आणि टिकली आधीच लावलेली असूनही ती काढून पुन्हा नीट लावली.

उशीवरून वहिनींचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "अहो, काय चाललंय तिकडं? निघालात की नाही?"

"निघालो," दादा म्हणाला. "आई, गाडीत बोलू आपण. तू समजतेस तसं काही नाही. तुझ्या भल्याचंच आहे. वकील कचेरीत येऊन थांबलाय. उल्के, ती साडी नेस आणि चल."

आई आरशातूनच बोलली. "उल्का काय ते सांगेल."

मी टेबलावरची पेटी उचलली आणि दारापाशी जाऊन त्याच्या हातात दिली. किल्लीमुळं त्याला ती नीट धरता येईना, म्हणून मी क्षणभर खालून आधार दिला.

"दादा," मी म्हटलं, "मी हक्क सोडणार नाही."